पडद्यावरची केळीची बाग का लुकलुकते?

रावेर-सावद्याच्या शिवारातली केळीची बाग कॉम्प्युटरवर उभी करायची ठरवली, तर मॉडेल बनवणं हा कामाचा सोपा भाग. खोडं, पानं, घड, ठिबकच्या काळ्या नळ्या, बांधावरचा विजेचा खांब, मागे सातपुडा. सगळं जागच्या जागी ठेवून कॅमेरा बागेतून चालवायला घेतला की कटकटी सुरू होतात. नळ्या लांबवर तुटक रेघा होऊन वळवळतात. पानांच्या कडांना करवतीचे दाते येतात. जमिनीवर सावलीऐवजी पट्टे उठतात, संध्याकाळच्या आकाशात रंगाच्या पायऱ्या पडतात. पारोळ्याकडच्या एका मित्राला असा सीन दाखवला, तर त्याचा पहिला प्रश्न होता, "पाने काबर लुकलुकी राह्यनात भो?"

प्रश्न रास्त आहे, कारण सिनेमातल्या थ्रीडी चित्रात हे दोष दिसत नाहीत. तिथे एकेका फ्रेमला तासन्‌तास देता येतात. गेममध्ये, ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये किंवा बिल्डर लोक दाखवतात त्या प्लॉटच्या थ्रीडी फेरफटक्यात तेवढी सवड नसते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. व्हीआर हेडसेटला सेकंदाला ९० फ्रेम धरल्या तर ११.१ मिलिसेकंदच. तेवढ्या वेळात फुल एचडी पडद्यावरच्या २०,७३,६०० पिक्सेलांपैकी प्रत्येकाचा रंग ठरवायचा असतो. मग जीपीयू, म्हणजे चित्र काढणारी चिप, काटकसर करतो. प्रत्येक पिक्सेलच्या मधोमध एकच बिंदू धरतो, तिथे काय आहे ते बघतो आणि तोच रंग अख्ख्या पिक्सेलला फासतो.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर एक शीत पुरतं. पण पिक्सेलच्या त्या इवल्या चौकोनात अर्धं पान, थोडं आकाश आणि नळीचा एक तुकडा असेल, तर एका बिंदूचं उत्तर हमखास चुकतं. त्यातून कॅमेरा केसभर हलला की तो बिंदू पानावरून घसरून आकाशावर जातो, आणि हिरवा पिक्सेल एका फ्रेममध्ये निळा होतो. पुढच्या फ्रेममध्ये परत हिरवा. असे हजारो पिक्सेल एकाच वेळी रंग बदलू लागले की बाग लुकलुकते.

या दोषाला अलायसिंग म्हणतात. त्यामागचं गणित कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या आधीचं आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ साली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली ते टेलिग्राफ-टेलिफोनच्या संदर्भात मांडलं होतं. जितका बारीक तपशील पकडायचा, त्याच्या दुपटीपेक्षा दाट नमुने, म्हणजे तपासायचे बिंदू, घ्यावे लागतात. त्याहून विरळ घेतले तर तो तपशील नुसता हरवत नाही, वेश बदलून परत येतो, आणि सगळा त्रास इथेच आहे. पन्हाळी पत्र्याच्या शेडकडे लांबून कॅमेरा वळवून बघा. पत्र्याच्या बारीक नाळी गायब होतात आणि त्यांच्या जागी जाडजूड, वाकडे, सरकणारे पट्टे दिसतात. असे पट्टे त्या पत्र्यावर कुठेच नसतात. फ्रँक क्रो यांनी १९७७ साली कॉम्प्युटरच्या चित्रांमधल्या या दोषावर सविस्तर लिहिलं, तेव्हापासून त्यावर उपाय शोधणं चालूच आहे.

आता ठिबकच्या नळीकडे जरा जवळून बघू. लॅटरल नळी साधारण १६ मिलिमीटर जाडीची. कॅमेऱ्याचा आडवा कोन ९० अंशांचा धरला, तर १५ मीटरवर पडद्यात ३० मीटर रुंदीचं दृश्य मावतं. ३० मीटर भागिले १९२० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे १५.६ मिलिमीटर. थोडक्यात, पंधरा मीटरच्या पुढे नळी पिक्सेलपेक्षा बारीक होते. मग तिची गाठ काही पिक्सेलांच्या मध्यबिंदूशी पडते, काहींशी पडत नाही, आणि अखंड नळीच्या तुटक रेघा होतात. भुसावळ यार्डाचा सीन करणाऱ्याला हेच दुखणं रेल्वेच्या विजेच्या तारांमुळे होतं, तिथे तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर ते लपतही नाही.

यावर उघड उपाय म्हणजे एकाऐवजी चार शितं दाबून बघायची. प्रत्येक पिक्सेलमध्ये चार बिंदूंवर रंग काढायचा आणि सरासरी घ्यायची. याला सुपरसॅम्पलिंग म्हणतात. निकाल उत्तम, पण काम चौपट, आणि १६ मिलिसेकंदांत चौपट काम बसवणं फार थोड्यांना परवडतं. म्हणून एमएसएए (मल्टिसॅम्पल अँटी-अलायसिंग) ही युक्ती निघाली. वस्तूची कड पिक्सेलचा किती भाग व्यापते हे चार ठिकाणी तपासायचं, पण रंगाचं महागडं गणित एका वस्तूसाठी पिक्सेलमागे एकदाच करायचं. कडा गुळगुळीत होतात, खर्च आटोक्यात राहतो. मोबाइलमधले बहुतेक जीपीयू चित्राचे छोटे चौकोन पाडून एकेक चौकोन चिपच्या आतल्या मेमरीत रंगवतात, त्यामुळे तिथे चार नमुन्यांचं एमएसएए बऱ्यापैकी स्वस्तात पडतं. मोबाइलवर चालणारं काम असेल तर माझं मत सरळ आहे, आधी हे चालू करा, बाकीचं नंतर. मोठ्या पीसी गेमांची गोष्ट वेगळी. त्यांत प्रकाशाचा हिशोब नंतर करण्यासाठी प्रत्येक पिक्सेलची बरीच माहिती साठवून ठेवतात. ती चौपट साठवायची म्हटलं की मेमरीचा बोजवारा उडतो, म्हणून तिथे एमएसएए मागे पडलं.

नळीच्या बाबतीत मात्र एमएसएएसुद्धा मर्यादा थोडी पुढे ढकलतं, इतकंच. तिथे एमिल पेरसन यांची २०१२ ची युक्ती मला फार आवडते. नळी किंवा तार पिक्सेलपेक्षा बारीक होणार असं दिसलं की तिला मुद्दाम एक पिक्सेल जाड करायचं, आणि जितकी जाडी फुकट वाढवली तितकी ती पारदर्शक करायची. चौथा हिस्सा पिक्सेल जाडीची नळी मग पूर्ण पिक्सेलभर दिसते, पण पंचवीस टक्के गडद. लांबवर ती तुटत नाही, हळूच विरत जाते. व्हर्टेक्स शेडरमध्ये, म्हणजे वस्तूचे कोपरे पडद्यावर कुठे पडतात ते ठरवणाऱ्या जीपीयूवरच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, चार-सहा ओळींचं काम आहे.

एफएक्सएए (फास्ट अ‍ॅप्रॉक्सिमेट अँटी-अलायसिंग) हा याहून आळशी उपाय. एनव्हिडियाच्या टिमोथी लॉटिस यांनी तो २००९ मध्ये मांडला. चित्र पूर्ण झाल्यावर त्यातल्या करवती कडा शोधायच्या आणि तिथे रंग पुसट करायचे. चालतो झपाट्याने, पण जी नळी चित्रात आलीच नाही ती पुसून कशी आणणार? शिवाय पाटीवरची अक्षरंही थोडी पुसली जातात. स्वस्त फोनवर दुसरं काही परवडत नसेल तरच वापरावा.

केळीचं पान ही आणखी वेगळी डोकेदुखी. वाऱ्याने चिरफाळलेल्या पानाच्या प्रत्येक चिंधीचं मॉडेल कोणी करत नाही. साधा सपाट तुकडा घेऊन त्यावर पानाचं चित्र डकवतात, आणि चित्रात जिथे पान नाही तिथला भाग कापून टाकायला शेडरला सांगतात. ही कड वस्तूची नसून चित्रातली असते, म्हणून नुसतं एमएसएए तिच्याकडे बघतही नाही. त्याला अल्फा-टू-कव्हरेज नावाची जोड द्यावी लागते. मग पानाच्या पारदर्शकतेनुसार चारपैकी किती बिंदू भरायचे ते ठरतं आणि कड सुधारते.

आता टेक्स्चरचं, म्हणजे वस्तूवर डकवलेल्या चित्राचं, पाहू. काळ्या जमिनीचं ढेकळांसकट मोठं टेक्स्चर लांबवर पसरलं की एका पिक्सेलखाली त्याचे शेकडो ठिपके येतात आणि त्यातला कुठला तरी एकच निवडला जातो. लान्स विल्यम्स यांनी १९८३ साली यावर मिपमॅपची तोड काढली. मूळ चित्राच्या निम्म्या, पाव, एक अष्टमांश लांबी-रुंदीच्या प्रती आधीच सरासरी काढून तयार ठेवायच्या आणि अंतर बघून योग्य ती प्रत वापरायची. सगळ्या प्रती मिळून मेमरी फक्त एक तृतीयांश जास्त लागते. इतका कमी खर्च आणि इतका फायदा असा सौदा ग्राफिक्समध्ये क्वचितच सापडतो. डांबरी रस्ता समोर लांब पळतो तिथे मात्र मिपमॅप त्याला गरजेपेक्षा धूसर करतो, कारण रस्ता लांबीच्या दिशेने दबलेला असतो आणि रुंदीत नसतो. त्यासाठी अनायसोट्रॉपिक फिल्टरिंग चालू करावं, पीसीवर १६ पटीपर्यंत, फोनवर दोन किंवा चार पट.

मिपमॅपची पानांवर मात्र एक खोड आहे. छोट्या प्रतींत पानाची कड आणि रिकामी जागा यांची सरासरी निघते, ती कापण्याच्या मर्यादेखाली जाते आणि पान अंतरानुसार आक्रसत जातं. जवळची बाग भरगच्च, लांबची विरळ. असा सीन बघून सावद्याच्या एका बागायतदारांनी विचारलं होतं, "पलीकडच्या बागेवर करपा दाखवलाय का?" उपाय असा की प्रत्येक छोट्या प्रतीत पानाने व्यापलेलं क्षेत्र मूळ प्रतीइतकंच राहील अशा बेताने पारदर्शकता कमी करायची. इग्नासिओ कास्टान्यो यांनी २०१० मध्ये ही पद्धत नीट समजावून लिहिली आहे. ती एकदाच, टेक्स्चर बनवताना करायची असते. चालू फ्रेमवर तिचा काहीच भार पडत नाही.

आजच्या बहुतेक गेमांचा मुख्य आधार म्हणजे टीएए (टेम्पोरल अँटी-अलायसिंग). हे नमुने काळात पसरवून घेतं. प्रत्येक फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या आतल्या आत किंचित सरकवायचा, म्हणजे एका फ्रेममध्ये बिंदू पिक्सेलच्या डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्यात उजव्या, असं हॉल्टनच्या क्रमाने, म्हणजे बिंदू सगळीकडे सारखे विखुरणाऱ्या आकड्यांच्या क्रमाने. मग नव्या फ्रेमचे साधारण १० टक्के आणि आधीच्या साठवलेल्या चित्राचे ९० टक्के मिसळायचे. गणिताने पाहिलं तर हा सुमारे १९ नमुन्यांच्या सरासरीइतका गुळगुळीतपणा होतो, आणि खर्च प्रत्यक्षात एकाच नमुन्याचा. एपिक गेम्सच्या ब्रायन कॅरिस यांनी २०१४ च्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत याची तपशीलवार मांडणी केली आणि त्यानंतर ही पद्धत सगळीकडे पसरली.

फुकट काहीच नसतं. ९० टक्के जुनं ठेवायचं म्हणजे जुनी चूकही ९० टक्के राहते. तिचा अंश २२ फ्रेमांनंतरही सुमारे १० टक्के उरतो, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ. बागेसमोरून ट्रॅक्टर गेला की त्याच्यामागे ट्रॅक्टरची लाल सावट ओढली जाते. याला घोस्टिंग म्हणतात. ते टाळायला दोन गोष्टी लागतात. पहिली, मोशन व्हेक्टर: हा पिक्सेल मागच्या फ्रेममध्ये पडद्यावर कुठे होता याची नोंद. दुसरी, आजूबाजूच्या तीन बाय तीन पिक्सेलांची तपासणी: जुना रंग या नऊंच्या रंगांच्या पट्ट्यात बसत नसेल, तर ओढून त्या पट्ट्यात आणायचा.

या दोन्हींत मेख आहे. पान वाऱ्याने हलतं ते शेडरमध्ये साइनचं गणित घालून. इंजिनच्या लेखी मात्र झाड जागेवरच आहे, त्यामुळे मोशन व्हेक्टर शून्य येतो. पान हललं, नोंद नाही, आणि अख्खी बाग पुसट दिसते. मग लोक टीएएला शिव्या घालतात. खरं तर मागच्या फ्रेमच्या वेळेने तेच साइनचं गणित परत एकदा करून फरक लिहिला की बाग लख्ख होते. दुसरी मेख बारीक नळीची. ज्या फ्रेममध्ये सरकलेल्या बिंदूने नळीला हुकवलं, तेव्हा शेजारच्या नऊ पिक्सेलांत नळीचा रंगच नसतो. तपासणी म्हणते, हा जुना काळा रंग चुकीचा, काढून टाका. घोस्टिंग मारायला ठेवलेला पहारेकरीच नळी पुसून टाकतो आणि लुकलुक परत सुरू होते. तपासणी सैल केली की ट्रॅक्टरमागे सावट, घट्ट केली की नळी गायब. इथे कुठेतरी मध्ये थांबावं लागतं, आणि ती जागा प्रत्येक सीनची वेगळी असते.

एनव्हिडियाचं डीएलएसएस, म्हणजे कमी पिक्सेलांत काढलेलं चित्र मोठं करणारं तंत्र, २०१८ मध्ये आलं, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तेही याच तत्त्वावर चालतं. जुन्या फ्रेमांतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तिथे न्यूरल नेटवर्क ठरवतं. एएमडीचं तशाच कामाचं एफएसआर २ हे २०२२ चं, तेही फ्रेमा जुळवूनच काम करतं. दोन्ही चांगली आहेत, पण चुकीचे मोशन व्हेक्टर दिलेत तर दोन्हींकडून चुकीचंच मिळेल.

सावल्यांचं गणितही नमुन्यांचंच. १९७८ साली याच लान्स विल्यम्स यांनी शॅडो मॅप सुचवला. आधी सूर्याच्या जागेवरून सीन बघायचा आणि प्रत्येक ठिकाणी पहिली वस्तू किती अंतरावर लागली ते साठवायचं. नंतर कॅमेऱ्यातून बघताना एखादा बिंदू त्या अंतराच्या पलीकडे असेल तर तो सावलीत. २०४८ बाय २०४८ चा असा नकाशा २०० मीटर बागेवर पसरला तर त्यातला एक ठिपका जवळपास १० सेंटिमीटरचा होतो. उतरत्या उन्हात त्या दहा सेंटिमीटरच्या आतच जमिनीचं सूर्यापासूनचं अंतर बरंच बदलतं, पण साठवलेला आकडा एकच. परिणामी जमीन स्वतःच्याच सावलीत जाते, पुन्हा बाहेर येते, आणि काळे-पांढरे पट्टे उठतात. मे महिन्यातल्या भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, हा दोष जमिनीवर जवळजवळ दिसत नाही. म्हणून डेमो दुपारचा करून खूश होऊ नये, सूर्य कलता करून बघावा.

पट्टे घालवायला तुलना करताना थोडी सूट देतात, तिला बायस म्हणतात. सूट जास्त झाली की खांबाची सावली बुंध्यापासून सुटते आणि खांब हवेत तरंगल्यासारखा वाटतो. सूट उताराच्या प्रमाणात दिली तर दोन्हींत मेळ बसतो. जवळच्या भागाला वेगळा, दाट नकाशा आणि लांबच्याला विरळ, अशी वाटणी केली तर आणखी बरं. कॅमेरा चालताना सावलीच्या कडा उकळल्यागत हलत असतील, तर सावलीचा नकाशा पूर्ण ठिपक्यांच्या मापानेच सरकवायचा, अर्ध्या-पाव ठिपक्याने नाही. हे एवढंसं काम बरेच जण विसरतात.

दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटून असले की ते आलटून-पालटून वर येतात, त्याला झेड-फायटिंग म्हणतात. प्लॉटच्या लेआउटमध्ये रस्त्यावरचे पांढरे पट्टे रस्त्याच्या एक सेंटिमीटर वर ठेवलेले असतात आणि लांबून ते थरथरतात. कॅमेऱ्याला किती जवळून किती लांबपर्यंतचं दिसावं याच्या दोन मर्यादा ठरवाव्या लागतात. लोक दोष देतात लांबच्या मर्यादेला: सातपुडा दाखवायला हवा म्हणून ती ५० किलोमीटर ठेवली, म्हणून झालं. तसं नसतं. ती ५ किलोमीटर केली तरी फारसा फरक पडत नाही. खरी चावी जवळच्या मर्यादेत आहे. खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, मोजायच्या २४ बिटांत १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात, आणि त्यातल्या बहुतांश कॅमेऱ्याच्या नाकासमोर खर्च होतात. जवळची मर्यादा १ सेंटिमीटर ठेवली, तर १०० मीटरवर दोन पायऱ्यांमधलं अंतर सुमारे ६ सेंटिमीटर होतं, मग एक सेंटिमीटरचा पट्टा कसा ओळखू येणार? तीच मर्यादा १० सेंटिमीटर केली की ते अंतर ६ मिलिमीटरवर येतं. एक आकडा बदलला आणि दहापट फायदा. जमलं तर खोली फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत, म्हणजे शून्याजवळ जास्त बारीक पायऱ्या असलेल्या दशांश आकड्यांत, उलटी साठवावी, जवळ १ आणि लांब ०, म्हणजे हा प्रश्न बहुतेक मिटतोच. आणि रस्त्यावरचे पट्टे रस्त्याच्या टेक्स्चरमध्येच रंगवले तर भांडणच नाही.

आकाशातल्या पायऱ्यांचं कारण निराळं, तिथे नमुने पुरेसे असतात पण रंग कमी पडतात. साध्या पडद्यावर लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा. सातपुड्यामागच्या मावळत्या आकाशात एखादी छटा ६० पासून ९० पर्यंत ६०० पिक्सेल उंचीत चढत असेल, तर फक्त ३० पायऱ्या मिळतात, प्रत्येकी २० पिक्सेलांची, आणि डोळा अशा कडा लगेच पकडतो. शेवटी रंग २५६ छटांत बसवण्याच्या आधी त्यात एका पायरीच्या मापाचं किंचित नॉइज, म्हणजे यादृच्छिक कमी-जास्त, पेरायचं. कडा विस्कटतात, आकाश सलग दिसतं. खर्च जवळजवळ शून्य.

दोष शोधताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी टीएए आणि त्यानंतरचे सगळे इफेक्ट बंद करतो, कारण ते मूळ आजार झाकतात. कॅमेरा स्थिर ठेवतो. स्थिर चित्रात पट्टे किंवा पायऱ्या दिसल्या, तर सावली, खोली किंवा रंगछटा यांच्याकडे बघायचं. स्थिर असताना ठीक आणि हलवल्यावर लुकलुक, तर नमुने कमी पडतायत. मग टीएए चालू करून पुन्हा हलवायचं. आता नव्याने काही ओढलं-पुसलं गेलं, तर मोशन व्हेक्टर तपासायचे. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नये, यातले निम्मे दोष फक्त हालचालीत दिसतात.

आणि ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या व्हिडिओवरून तर काहीच ठरवू नये. त्या कॉम्प्रेशनमध्ये पानांची बारीक जाळी चौकोनी ठोकळ्यांत जिरते, आकाशात पेरलेलं नॉइज सगळ्यात आधी उडतं आणि घालवलेल्या पायऱ्या परत हजर होतात. आपण दोन दिवस शेडरमध्ये नसलेला दोष शोधत बसतो. ग्राहक अमळनेरला आणि आपण जळगावात असलो, तर सरळ सुरतकडची गाडी पकडावी आणि त्याच्याच टॅबलेटवर, त्याच्याच ऑफिसातल्या उजेडात बघून यावं.